पवईचा पेपर, फ्रँकफुर्टचा पेपर आणि मधली दोन वर्षं

गाईड शोधायला लागलात की पहिलं काम काय करता? गूगल स्कॉलर उघडता, नाव टाकता आणि उजवीकडच्या चौकोनातले तीन आकडे बघता. एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स. मग पुढचं नाव, पुन्हा तेच तीन आकडे. अर्ध्या तासात आठ-दहा प्राध्यापकांची उतरती यादी तयार होते आणि वरून खाली ईमेल सुटायला लागतात.

'आकड्यांच्या मागे लागू नका' असं सांगणारे लेख तुम्ही भरपूर वाचले असतील. मलाही ते पटतात. अडचण अशी की ते वाचून झाल्यावर हातात काही उरत नाही, कारण आकडे सोडून नक्की काय वाचायचं हे तिथे कोणी सांगत नाही. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवू आणि एकच प्रकाशन-यादी घेऊन ती नीट वाचू. विषय कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री, आणि प्रकरण आपल्याच उपनगरातलं. घाटकोपर-मुलुंडकडून कांजूरमार्गला उतरून जिथे जाता त्या पवईतलं, आयआयटीच्या रसायनशास्त्र विभागातलं.

१९८२ साली 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'च्या ७७व्या खंडात, पान ३४२ वर, एक पेपर आला. लेखक बी. एम. देब आणि एस. के. घोष. बिद्येंदु मोहन देब तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते आणि आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला होता. स्वपन घोष पुढे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या ५२व्या खंडात पान ९९७ पासून चार पानांचा एक पेपर आला. लेखक एरिक रुंगे आणि ई. के. यू. ग्रॉस, फ्रँकफुर्ट विद्यापीठ. दोन्ही पेपर एकाच प्रश्नाला हात घालतात. दुसऱ्या पेपरची सायटेशन्स आज हजारांत मोजावी लागतात. पहिल्याची संख्या त्याच्यापुढे किरकोळ वाटते. पुढे जाण्याआधी हे दोन्ही शोधून 'साइटेड बाय'चा आकडा स्वतः बघून घ्या. इथे मी आकडा लिहिला तर तो पुढच्या महिन्यात शिळा होईल.

आता या तफावतीचं काय करायचं? आपल्याकडे दोन उत्तरं तयारच असतात. पहिलं, 'बघा, भारतीयांवर अन्याय झाला, श्रेय जर्मनांनी नेलं.' दुसरं, 'जास्त सायटेशन्स म्हणजे चांगलं काम, विषय संपला.' दोन्ही उत्तरं देणाऱ्याने दोन्ही पेपर उघडलेले नसतात.

आधी प्रश्न काय होता ते समजून घेऊ. बेंझिनचा एक रेणू घ्या. त्यात ४२ इलेक्ट्रॉन. त्याचं तरंगफल लिहायचं तर प्रत्येक इलेक्ट्रॉनचे तीन निर्देशांक, म्हणजे १२६ चलांचं फलन. हे हाताळणं म्हणजे डोकेदुखी. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवलं की रेणू मूळ अवस्थेत, म्हणजे किमान ऊर्जेच्या अवस्थेत असेल तर १२६ चलांची गरज नाही. अवकाशात कुठे किती इलेक्ट्रॉन-घनता आहे एवढं तीन चलांचं फलन पुरतं, कारण त्या घनतेवरून बाहेरचं विभव ठरतं आणि विभव ठरलं की सगळंच ठरतं. १९६५ मध्ये कोन आणि शॅम यांनी यातून प्रत्यक्ष गणिताची वाट काढली. हीच डेन्सिटी फंक्शनल थिअरी, आपली डीएफटी. १९९८चं रसायनशास्त्राचं नोबेल वॉल्टर कोन यांना याच कामासाठी मिळालं, जॉन पोपल यांच्याबरोबर विभागून.

पण मूळ सिद्धांत स्थिर अवस्थेचा. रेणूवर प्रकाश पडला की काय? प्रकाश म्हणजे काळानुसार बदलणारं विद्युतक्षेत्र. रंग का दिसतो, सोलर सेलमध्ये इलेक्ट्रॉन कसा उडी मारतो, लेझरखाली बंध कसा तुटतो, हे सगळे प्रश्न काळाचे आहेत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोक काळानुसार बदलणाऱ्या प्रणालींसाठी डीएफटी सरळ वापरायला लागले होते, आणि उत्तरं चांगली येत होती. फक्त ते वापरणं बरोबर का आहे याचा पाया कोणी घातला नव्हता. घर उभं राहिलं होतं, जोतं बाकी होतं.

देब आणि घोष यांचा पेपर या जोत्याचा आहे. त्यांची दृष्टी प्रवाहाची आहे. इलेक्ट्रॉनचा ढग हा वाहता द्रव समजायचा, त्याची घनता एक राशी आणि तो कुठे कसा वाहतो ती प्रवाह-घनता दुसरी. ही कल्पना माडेलुंगने १९२०च्या दशकात एका कणासाठी मांडली होती, देब-घोष यांनी ती अनेक-इलेक्ट्रॉन प्रणालींसाठी डीएफटीच्या चौकटीत बसवली. आणि त्याच ओघात, विभव जर ठरावीक आवर्तनाने बदलत असेल तर होहेनबर्ग-कोनसारखं प्रमेय काळ-अवलंबी घनतेसाठीही मांडता येतं, हे दाखवलं. जवळपास त्याच काळात अमेरिकेत बार्टोलोटी यांनी वेगळ्या मर्यादेत, अतिशय सावकाश बदलणाऱ्या प्रक्रियांसाठी, असंच काहीसं केलं.

रुंगे आणि ग्रॉस यांनी आवर्तनाची अट काढून टाकली. सुरुवातीची अवस्था ठरलेली असेल आणि विभव त्या क्षणाभोवती टेलर मालिकेत मांडता येत असेल, तर दोन वेगळी विभवं कधीही एकच घनता देऊ शकत नाहीत. सिद्धता दोन पायऱ्यांची आहे. विभवं वेगळी असतील तर आधी प्रवाह वेगळे होतात हे दाखवायचं, मग प्रवाह वेगळे असतील तर घनताही वेगळी होते हे. एमएस्सीला क्वांटम मेकॅनिक्स मनापासून केलेल्या विद्यार्थ्याला एका संध्याकाळी समजेल अशी आहे. बसा एकदा कागद-पेन घेऊन, मजा येते.

मग अन्याय झाला का? माझं मत, सिद्धांताच्या पातळीवर नाही. अट घालून सिद्ध करणं आणि जवळपास विनाअट सिद्ध करणं यात मोठा फरक आहे. लेझरचा एक छोटा स्पंद घ्या, येतो आणि संपतो. त्यात आवर्तन नाही. दोन आयन एकमेकांवर आदळतात, तिथेही आवर्तन नाही. रुंगे-ग्रॉस यांचं प्रमेय या सगळ्यांना पुरतं, देब-घोष यांचं पुरत नाही. आणि ही गोष्ट लपवलेली नाही. ग्रॉस आणि खुद्द वॉल्टर कोन यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या आढाव्यात इतिहास स्पष्ट नोंदवला आहे: काटेकोर पायाच्या दिशेने पहिली पावलं देब-घोष आणि बार्टोलोटी यांनी टाकली, पण त्यांची विभवांची कक्षा मर्यादित होती, सर्वसाधारण मांडणी पुढे रुंगे-ग्रॉस यांनी केली. एका नोबेलप्राप्त माणसाच्या लेखात पवईच्या पेपरचं स्थान एवढ्या नेमकेपणाने सांगितलंय, मला तर हे श्रेयाचं चांगलं उदाहरण वाटतं. टीडीडीएफटीचे बरेच आढावे उघडलेत तर पहिल्या-दुसऱ्या पानावर या आशयाचं वाक्य भेटेल.

पण इथे थांबलात तर सायटेशनचा आकडा समजला असं होत नाही. कारण सिद्धांतातला फरक कितीही खरा असला तरी तो एवढ्या पटींचा नाही. हजारो लोक रुंगे-ग्रॉस उद्धृत करतात ते टेलर मालिकेच्या अटीवर खूश होऊन नव्हे. मग आले कुठून हे आकडे?

ते आले सॉफ्टवेअरमधून. 'साइटेड बाय' मधली यादी वर्षांनुसार लावून बघा. प्रमेय १९८४चं, पण सर्वसाधारण रसायनशास्त्रज्ञ त्याचं नाव घ्यायला लागले नव्वदच्या उत्तरार्धात. मध्ये काय घडलं? १९९५ मध्ये मार्क कॅसिडा यांनी रेणूंच्या उत्तेजित अवस्था काढण्यासाठी टीडीडीएफटीची समीकरणं अशा रूपात मांडली की ती सरळ मॅट्रिक्सचा प्रश्न बनली. आणि मॅट्रिक्सचा प्रश्न म्हणजे संगणकाचं खाद्य. मग ती समीकरणं तयार प्रोग्राममध्ये गेली, 'गाउसियन ९८'मध्ये ती सोय होती. तिथून पुढे इनपुट फाइलमध्ये दोन अक्षरं लिहिली की रेणूचा शोषण-वर्णपट मिळायला लागला. डाय बनवणारा, औषध बनवणारा, सोलर सेलवाला, सगळे आपला रेणू त्यात टाकायला लागले. पेपर लिहिताना 'गणनेसाठी टीडीडीएफटी वापरली' या वाक्याला एक संदर्भ लागतो. तो संदर्भ कोणता, हे मॅन्युअल सांगतं किंवा आधीच्या पेपरमधून चिकटवला जातो.

कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीतलं सायटेशन हे बहुतेक वेळा पावतीसारखं असतं. वाचल्याची नाही, वापरल्याची. जगभरातले हे सर्वात मोठे आकडे बघा. 'नेचर'ने २०१४ मध्ये आजवरच्या सर्वाधिक उद्धृत शंभर पेपर्सची यादी काढली, तर त्यात तब्बल बारा डीएफटीशी संबंधित निघाले, पैकी दोन पहिल्या दहात. ते दोन कोणते? ली, यँग आणि पार यांचा १९८८चा आणि बेकी यांचा १९९३चा. बी-थ्री-एलवायपी हा शब्द ज्या पेपर्समधून आला ते. ज्या होहेनबर्ग-कोन आणि कोन-शॅम पेपर्सवर हे सगळं उभं आहे ते यादीत आहेत, पण बरेच खाली. म्हणजे नोबेल ज्याला मिळालं त्या पायापेक्षा त्या पायावरचं रोजच्या वापरातलं भांडं जास्त उद्धृत होतं. यात वाईट काही नाही. घरात सर्वात जास्त हात कुकरला लागतो, त्याच्या मागच्या ऊष्मागतिकीला नाही. पण मोजताना आपण नक्की काय मोजतोय हे माहीत हवं.

पुढचा मुद्दा छोटा आहे पण रिसर्च करायला निघालेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा. शीर्षकं. रुंगे-ग्रॉस यांच्या पेपरचं शीर्षक आहे 'डेन्सिटी-फंक्शनल थिअरी फॉर टाइम-डिपेंडंट सिस्टिम्स'. त्या शीर्षकातच पुढे क्षेत्राचं नाव झालं. देब-घोष यांचं शीर्षक आहे 'श्रोडिंगर फ्लुइड डायनॅमिक्स ऑफ मेनी-इलेक्ट्रॉन सिस्टिम्स इन अ टाइम-डिपेंडंट डेन्सिटी-फंक्शनल फ्रेमवर्क'. आता तुम्हीच सांगा, प्रमेय शोधणारा माणूस यातला कुठला उघडेल? पवईच्या पेपरने पुढे द्रवगतिकी ठेवली आणि क्षेत्राला पाया देणारी गोष्ट मागे, 'चौकटी'त. लेखकांना प्रवाहाची दृष्टी महत्त्वाची वाटत होती, त्यांच्या पुढच्या कामावरून ते दिसतंच. पण वाचकाने त्यातून जे घ्यायला हवं होतं ते शीर्षकाच्या शेपटीला गेलं. माझ्या मते हा या पेपरमधला खरा दोष आहे, गणितातला नाही तर मांडणीतला. जर्नलचाही भाग आहे. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' दोन्ही बाजूंचे लोक चाळतात, 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स' प्रामुख्याने एका बाजूचे.

(जाता जाता एक गंमत. अशीष धारा आणि स्वपन घोष यांचा १९८७चा 'फिजिकल रिव्ह्यू ए'मधला पेपर शोधा. त्याचं शीर्षक रुंगे-ग्रॉस यांच्याशी शब्दशः सारखं आहे. फक्त शीर्षकावरून शोधाल तर तुमच्या संदर्भयादीत चुकीचा पेपर शिरायला वेळ लागणार नाही. पुढच्याच वर्षी घोष आणि धारा यांनी विद्युत आणि चुंबकीय दोन्ही क्षेत्रांसाठी मांडणी केली, आणि काळ-अवलंबी प्रवाह-घनतेच्या सिद्धांताचा इतिहास लिहिताना आजही तो पेपर काढला जातो. म्हणजे प्रवाहाची दृष्टी वाया गेली नाही.)

आता एका पेपरवरून पूर्ण यादीकडे येऊ, कारण गाईड निवडताना यादी बघायची असते. देब यांचं १९७०-८०च्या दशकातलं काम समोर ठेवलं तर एक स्वभाव दिसतो. १९७३ मध्ये 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये 'द फोर्स कन्सेप्ट इन केमिस्ट्री' हा एकट्याचा लेख. हेलमन-फाइनमन प्रमेयावरून रेणूचा आकार आणि बंध यांच्याकडे ऊर्जेऐवजी बलाच्या नजरेने बघता येतं, हा त्याचा विषय. १९८१ मध्ये त्याच नावाचं संपादित पुस्तक. १९८२ मध्ये घोष यांच्याबरोबर 'फिजिक्स रिपोर्ट्स'मध्ये घनता, घनता-फलनकं आणि इलेक्ट्रॉन-द्रव यांवरचा मोठा आढावा. १९८३ मध्ये, पुन्हा घोष यांच्याबरोबर, अणूंची इलेक्ट्रॉन-घनता ऑर्बिटल्सना फाटा देऊन थेट काढण्याची पद्धत. १९८४ मध्ये देब चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात गेले, तिथूनही ही ओळ चालू राहिली. १९८९ मध्ये प्रतिम चट्टराज यांच्याबरोबर आयन-अणू टकरींवर क्वांटम द्रव-डीएफटी लावणारा पेपर आला.

एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी पंधरा-वीस वर्षं विचारलेला दिसतो: तरंगफल बाजूला ठेवून, तीन मितींच्या अवकाशात डोळ्यांपुढे आणता येतील अशा राशींमधून, म्हणजे बल, घनता, प्रवाह यांतून रसायनशास्त्र समजून घेता येईल का? लेखकांची नावं प्रत्येक पेपरवर एक-दोन. अशी यादी एच-इंडेक्सला फारशी भावत नाही. एच-इंडेक्स म्हणजे काय, तर किमान एच वेळा उद्धृत झालेले एच पेपर. हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि तो दहा हजार वेळा उद्धृत झाला, तरी एच-इंडेक्स एक. कमी आणि लांब लिहिणाऱ्याला ही पट्टी आखूडच मोजणार.

पण टीका करायचीच तर ती या यादीवरही करायला हवी, नुसती आरती नको. देब यांच्या द्रव-दृष्टीची मर्यादा ही की तिने दुसऱ्यांच्या हातात हत्यार दिलं नाही. ऑर्बिटल्स टाळून घनतेवर थेट गणित करायचं तर गतिज ऊर्जा घनतेतून कशी लिहायची हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो अवघड आहे, अजूनही. कोन-शॅम मार्गाने तो प्रश्न हुशारीने बगल देऊन टाळला, म्हणूनच ती पद्धत चालली. देब आणि सहकाऱ्यांनी तो अंगावर घेतला. परिणामी त्यांची गणितं अणू आणि साध्या टकरींवर सुंदर दिसतात, पण मोठ्या रेणूवर काम करणाऱ्याला उद्या सकाळी वापरता येईल असं त्यात काही नव्हतं. वापरता न येणाऱ्या गोष्टीची पावती फाटत नाही. मला वैयक्तिकरीत्या असा हट्टी प्रश्न धरणारा गाईड आवडेल, पण त्याच्याकडे पीएचडी करायची तर पाच वर्षांत काय हाती लागेल याचा विचार आधी करावा लागेल. फेलोशिप पाच वर्षांचीच असते.

याच गटातून बाहेर पडलेल्यांची वाट किती वेगळी झाली ते बघितलं की मुद्दा स्वच्छ होतो. चट्टराज यांनी पीएचडी आयआयटी मुंबईतच केली, पुढे ते आयआयटी खरगपूरला गेले. रॉबर्ट पार यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यांनी कमाल-कठोरता तत्त्वाची सिद्धता दिली, आणि २००६ मध्ये 'केमिकल रिव्ह्यूज'मध्ये इलेक्ट्रोफिलिसिटी निर्देशांकावर सहलेखकांसह आढावा लिहिला. इलेक्ट्रोफिलिसिटी निर्देशांक हा असा आकडा आहे की एक साधी गणना केली की दोन ऑर्बिटल-ऊर्जांवरून तो कॅल्क्युलेटरवर काढता येतो. म्हणून जगभरचा प्रयोगशाळेतला माणूससुद्धा तो काढतो आणि उद्धृत करतो. गुरू-शिष्य दोघेही घनतेच्याच भाषेत बोलणारे. एकाच्या कामाला पावत्या कमी, दुसऱ्याच्या कामाला भरपूर. यातला कोण मोठा हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. कोणाचं काम कसं वापरलं जातं, एवढंच आकडा सांगतो.

डेटाबेसचाही थोडा हिशोब ठेवा. स्कोपसमध्ये सुरुवातीला १९९६च्या आधीच्या पेपर्सच्या संदर्भयाद्या नव्हत्या, नंतर १९७० पर्यंत मागे जाऊन भरल्या गेल्या. ज्यांचं महत्त्वाचं काम सत्तर-ऐंशीच्या दशकातलं आहे, त्यांचा आकडा कोणी कधी आणि कुठून काढला यावर बदलतो. शिवाय नावं. 'एस. के. घोष' एवढंच टाकून शोधा आणि किती विषयांतले किती घोष एकत्र येतात ते बघा. बंगाली आडनावांचीच ही गोष्ट नाही, 'एस. आर. जोशी' किंवा 'ए. पाटील' टाकून बघा. तुम्ही स्वतः पहिला पेपर टाकाल तेव्हा नाव कसं लिहायचं हे एकदाच ठरवा आणि ऑर्किड काढून ठेवा. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मैत्रिणींना तर हे दोनदा सांगते.

आणि पेपर्सची संख्या? तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पण एक आकडा लक्षात ठेवा. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीने मान्यता दिलेल्या जर्नल्सच्या यादीची तपासणी छापून आली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत घेतलेली, मोठ्या डेटाबेसमध्ये नसलेली १००९ जर्नल्स तपासली, त्यातली ११२ निकषांना उतरली. म्हणजे शंभरातली अकरा. लेखकांत पुण्याचे भूषण पटवर्धन होते, आणि श्रीधर गद्रेसुद्धा. गद्रे म्हणजे रेणूंच्या स्थिरविद्युत विभवावर आणि मोठे रेणू तुकडे करून मोजण्याच्या पद्धतीवर काम केलेले पुण्याचे सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ, आपल्याच क्षेत्रातले. आयुष्यभर विभवांचे नकाशे काढणारा माणूस जर्नल्सची छाननी करायला बसतो, म्हणजे पाणी कुठवर आलं होतं बघा. तेव्हा कोणाच्या यादीत दीडशे पेपर दिसले तर आधी जर्नल्सची नावं वाचा. त्यातली तुम्हाला किती माहीत आहेत?

मग यादी वाचायची कशी? मी काय करते ते सांगते. त्या माणसाचा एक जुना, दहा वर्षांहून अधिक जुना पेपर निवडायचा, शक्यतो सर्वाधिक उद्धृत नसलेला. 'साइटेड बाय'मधून दहा-बारा पेपर उघडायचे आणि त्यातलं नेमकं वाक्य शोधायचं, जिथे तो संदर्भ दिलाय. काही ठिकाणी तो चार-पाच आकड्यांच्या गठ्ठ्यात असतो, कंसात [३–९] असा. तिथे कोणी काही वाचलेलं नसतं. काही ठिकाणी पद्धत वापरल्याची पावती असते. क्वचित कुठेतरी कोणीतरी दोन परिच्छेद खर्च करून त्या कामाशी बोलत असतं, पुढे नेत असतं किंवा भांडत असतं. ते वाक्य सापडलं की तुमचा खरा शोध सुरू होतो. स्वतःच उद्धृत केलेली सायटेशन्स बाजूला काढायची, पण त्यांच्यावर नाक मुरडायचं नाही. एकच प्रश्न वीस वर्षं धरणारा माणूस स्वतःला उद्धृत करणारच, दुसरं कोणी ते काम करतच नसतं.

भांडणाची सायटेशन्स तर मी आधी वाचते. आवर्तनाने बदलणाऱ्या विभवांसाठी डीएफटी मांडणं, ज्याला फ्लोके मांडणी म्हणतात, हीच ती चौकट ज्यावरून रुंगे-ग्रॉस पुढे गेले. ती १९८४ नंतर जुनी झाली, संपली, असं तुम्हाला वाटेल. पण २००२ मध्ये नीपा मैत्रा आणि कीरॉन बर्क यांनी 'केमिकल फिजिक्स लेटर्स'मध्ये तिच्यावरच प्रश्न उभा केला: आवर्ती घनता आणि आवर्ती विभव यांची एकास-एक जोडी खरंच ठरते का? २००६ मध्ये त्याच जर्नलमध्ये प्रसनजित सामल आणि आयआयटी कानपूरचे मनोज हरबोला यांनी उत्तर दिलं, की फ्लोके मांडणीचा पाया पक्का आहे आणि टीकाकारांनी रुंगे-ग्रॉस आणि फ्लोके या दोन्ही सिद्धांतांतले महत्त्वाचे मुद्दे नजरेआड केलेत. मोजणाऱ्या यंत्राला यात कोण कोणाच्या बाजूने आहे हे कळत नाही. टीकेचा संदर्भ असो की बचावाचा, त्याच्या खात्यात एकच जमा होतो.

रुंगे-ग्रॉस यांच्याबाबतीतही तेच. त्यांच्या पेपरमध्ये घनतेच्या प्रमेयाबरोबर क्रिया-तत्त्वाचा एक भाग आहे. तो कार्यकारणाच्या नियमाशी जुळत नाही हे पुढे लक्षात आलं, आणि १९९८ मध्ये रॉबर्ट फान लेउवेन यांनी दुसऱ्या मार्गाने त्यातून वाट काढली. प्रमेय उभं राहिलं, तो भाग मागे पडला, सायटेशन्स वाढतच राहिली. ज्यांनी इनपुट फाइलमध्ये ती दोन अक्षरं लिहिली त्यांना यातलं काही माहीत असायची गरज नव्हती.

तर पुढच्या रविवारी हे चार कागद एकत्र काढा: देब-घोष १९८२, रुंगे-ग्रॉस १९८४, मैत्रा-बर्क २००२ आणि सामल-हरबोला २००६. पहिला थोडा जड जाईल, त्यातल्या नॅचरल ऑर्बिटल्सच्या भागात अडकलात तर तो सोडून थेट आवर्ती विभवाच्या चर्चेकडे जा. मग चौथा वाचताना पेन हातात ठेवा आणि मैत्रा-बर्क यांच्या उदाहरणात सुरुवातीची अवस्था कुठली घेतली आहे तिथे खूण करा. वाद बराचसा तिथेच आहे.